न्यू बहारची कॅसेट

सेनगाव, १२ जानेवारी २००३

सौ. निताताईंना किसनचा रामराम.

कोण किसन, असं म्हणाल. साखऱ्याच्या तांड्यावरचा किसनसिंग राठोड. तुमच्या न्यू बहार ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम हिंगोलीत असो की कळमनुरीत, सायकल हाणत येऊन पहिल्या रांगेत मांडी घालून बसणारा. तुम्ही एकदा स्टेजवरून माइकमध्ये म्हणाला होता, "ह्या किसनला घरदार हाय का न्हाई?" सगळी जत्रा हसली. मी मात्र आठ दिवस हवेत होतो. बाईनं आपलं नाव घेतलं!

पत्ता तुमच्या लालसिंगभाऊंकडून काढला. दोन चहा आणि एक पान लागलं, तरी अर्धाच दिला. पिनकोड पोस्टातून मिळवला.

आता माझं सेनगावात दुकान आहे. लाऊडस्पीकर, मंडप आणि लग्नाची व्हिडिओ शूटिंग. शिक्षण सातवी, पण कान दहावी पास. कर्णा खरखरला तर कोणती वायर हलली ते लांबून सांगतो.

खरी बातमी अशी. २ फेब्रुवारी, रविवार, बाजार समितीचं मैदान. एकवीस वर्षांनी न्यू बहार परत वाजणार. खाजा मियांनी घड्याळाच्या दुकानातून उठून अकॉर्डियनला नवा भाता लावून आणलाय. हिरासिंगचे बोंगो आहेत. आणि गाणार अर्थात प्रेमदासदादा. सारी शूटिंग मी स्वतः करणार, फुकट. न्यू बहारची एक ओळ कुणी कधी रेकॉर्ड केली नाही, हे मला इतकी वर्षं सलत आलंय.

तुम्ही या. तुमच्याबिगर ते जोडगाणं कसं होणार?

तुमचा,
किसनसिंग

*

भुसावळ, २० जानेवारी २००३

किसन,

तू आठवतोस. मफलर बांधून बसायचास, उन्हाळ्यातसुद्धा.

मला यायला जमणार नाही. गुडघे धरलेत, एवढा प्रवास झेपत नाही. ह्यापुढे पाकिटावर 'न्यू बहार' असं काही लिहू नकोस, आणि फोन नंबर मिळाला तरी फोन करू नकोस. पत्र चालेल. दुपारी पोस्टमन येतो तेव्हा घरी मीच असते.

एक काम करशील? तुला पुसेगावचा कार्यक्रम ठाऊकच असेल, ब्याऐंशी सालचा. त्या दिवशी सकाळी माझा भाऊ लालसिंगदादा मला हिंगोलीहून घेऊन गेला आणि पंधरवड्यात माझं लग्न झालं. सासरची अट होती, गाणं बंद. ते असो. पण मी प्रेमदासला निरोप दिला नाही. देता आला असता. मोटार स्टँडवर तासभर उभी होती, खाजा मियांचं दुकान समोर होतं. मी खाली उतरले नाही.

पुढं काय झालं ते मला दोन वर्षांनी कळलं. बाई कुठंय म्हणून लोकांनी दगड मारले, अकॉर्डियन फुटलं, प्रेमदासच्या कपाळाला टाके पडले आणि न्यू बहार बंद झालं. माझ्या एका न उतरण्यानं.

प्रेमदासला विचार, अजून राग आहे का. त्यानं काय ते त्याच्या तोंडानं सांगावं. तू शूटिंग करशील तेव्हा त्याचं उत्तर त्यात येऊ दे. मला ते ऐकायचं आहे. चांगलं असो, वाईट असो.

निता

*

सेनगाव, ९ फेब्रुवारी २००३

सौ. निताताईंना नमस्कार.

झाला कार्यक्रम! मैदान भरून माणसं भिंतीवर चढली होती. पुसेगावहून दोन जीपा आल्या, त्यातला एक म्हातारा मला म्हणाला, "तवा दगड मारनाऱ्यात मी बी होतो, आज हार आनलाय." मी म्हणालो, "काका, हार घाला, पन आधी खिसे दाखवा." आजूबाजूची माणसं हसून हसून वाकली.

खाजा मियांनी शेरवानी घातली होती, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास. हिरासिंगनं पहिला ठोका दिला आणि ताई, माझा कॅमेरा खांद्यावर हलायला लागला. दहा वर्षांत किती लग्नं काढली, किती लेकी सासरी जाताना रडल्या, कॅमेरा कधी हलला नाही.

प्रेमदासदादाला तुमचा निरोप मी दोन दिवस आधीच दिला होता. तो म्हणाला, "लिहिनं माझं काम न्हाई. तिला ऐकायचं आसंल तर गाण्यात आईक म्हनावं," एवढंच.

आणि जोडगाणं गायला! "येशील कुठल्या वाटेनं गं, सांग कुठल्या वाटेनं?" एवढं विचारून गप्प उभा राहिला. तुमची ओळ कोरी सोडली. खाजा मियांनी फक्त भाता हलता ठेवला, एकच सूर. लोकांना आधी वाटलं दादा ओळ विसरला. मग दुसऱ्या कडव्यालाही तसंच झालं आणि मैदान चिडीचूप.

गाण्याआधी माइकवर म्हणाला, "निताचा काई कसूर न्हाई. माझ्या मनात काई न्हाई. ती जिथं आसंल तिथं सुखी राहो." आवाज तसाच, खणखणीत.

कॅसेट मिक्सिंगला हिंगोलीला साजीदकडं दिलीय. आली की पाठवतो.

किसन

*

भुसावळ, १६ फेब्रुवारी २००३

किसन,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि डाळ करपवली. हे रागावले, तरी पहिल्यांदाच मला काही वाटलं नाही.

आता तुला खरं सांगते. गुडघे ठीक आहेत. ह्यांना विचारायचा धीर झाला नाही, एवढंच. माझ्या मुलीला, अश्विनीला, तिची आई गात होती हेही माहीत नाही. ती स्वतः कॉलेजच्या स्नेहसंमेलनात गाते, आणि मी तिला म्हणते, "सुरात गा." ती विचारते, "तुला काय कळतं गं सुरातलं?"

"माझ्या मनात काही नाही." हे त्यानं कसं म्हटलं असेल ते मी मनात सारखं म्हणून बघते. पण मला जमत नाही. प्रेमदास 'नाही' म्हणताना 'ना'वर किंचित थांबतो, ते ऐकलं की मला कळेल खरं आहे की लोकांसमोर बोलायचं म्हणून बोलला.

कॅसेट लवकर पाठव. रजिस्टर नको, साध्या पार्सलनं. दुपारी घर रिकामं असतं.

निता

*

सेनगाव, २० मार्च २००३

सौ. निताताई,

उशीर झाला. साजीदचं मशीन बिघडलंय, पार्ट औरंगाबादहून यायचाय. शिवाय लग्नसराई. तो म्हणतो, "भाई, थोडा सबर करो." कॅसेट बराबर आहे, काळजी करू नका. पंधरा दिवसांत काम होईल.

घाईत आहे. सेनगावातच एक साखरपुडा आहे.

किसन

*

भुसावळ, १९ एप्रिल २००३

किसन,

महिना झाला. पार्ट आला का? मिक्सिंग राहू दे, आहे तशीच पाठव. लग्नाच्या कॅसेटीत टाकतात तसली फुलं-बिलं मला नकोत, आवाज पाहिजे.

लालसिंगदादा म्हणाला, प्रेमदासला नांदेडला नेलं होतं. घशाचं काहीतरी. खरं का? तू काही लिहिलं नाहीस.

निता

*

सेनगाव, ६ मे २००३

निताताई,

प्रेमदासदादा २८ एप्रिलला गेला. घशाची गाठ होती. शेवटचे तीन आठवडे आवाज पूर्ण बंद होता. पाटीवर लिहून मागायचा. ज्या माणसानं जन्मात कुणाला कागद लिहिला नाही, तो पाटीवर 'पानी' लिहून दाखवत होता. तिसऱ्या दिवशी तांड्यावर खाजा मिया आले होते. अकॉर्डियन आणलं होतं, पण वाजवलं नाही, मांडीवर घेऊन बसून राहिले.

आता दुसरी गोष्ट. ती दादाच्या आधीच सांगायला पाहिजे होती.

कॅसेट आहे, पण तिच्यात दादाचा आवाज नाही.

लग्नाच्या शूटिंगची आमची रीत अशी की कॅमेऱ्यात आलेला आवाज कुणाला नको असतो. पंगतीतली ओरड, "ए, मठ्ठा इकडं आन," पोरांची रडारड. म्हणून मिक्सिंगवाला तो सगळा पुसतो आणि वरून सिनेमाची गाणी टाकतो. दहा वर्षं हेच चाललंय, कुणी कुणाला सांगत नाही. मी न्यू बहारच्या दोन कॅसेट लग्नाच्या पाच कॅसेटींसोबत एका पिशवीत घालून एसटीच्या ड्रायव्हरकडं दिल्या. आवाज ठेवायचा, असं सांगायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. कारण आजपर्यंत कधी सांगायची वेळच आली नव्हती. साजीदचा काही दोष नाही. त्यानं रोजचं काम रोजच्यासारखं केलं.

मूळ कॅसेट परत आल्या होत्या, त्यांच्यात आवाज होता. पण जुन्या कॅसेटवर पुढचं लग्न काढायचं, हीही आमची रीत. तयार कॅसेट लावून बघायच्या आधीच मी त्या दोन्ही पुसेगावच्या एका लग्नाला वापरल्या. न्यू बहारवर मी माझ्या हातानं एक वरात काढली.

कार्यक्रमाच्या दिवशी खाजा मियांची लेक अलमास टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. मीच म्हणालो, "बेटा, कशाला खरखर? कॅमेऱ्यात सगळं येतं." तिनं तो पिशवीत परत ठेवला.

हे मला २३ फेब्रुवारीला कळलं. त्यानंतरचं मशीन, पार्ट, सगळं खोटं. मला वाटलं दादाला परत बसवून तेवढं एक गाणं गाऊन घेऊ आणि तुम्हाला कळू न देता पाठवू. मार्चमध्ये कॅमेरा घेऊन तांड्यावर गेलो, तर त्याच्या घशातून चहा उतरत नव्हता.

किसन

*

भुसावळ, १२ मे २००३

किसनसिंग,

तुझं पत्र वाचलं. प्रेमदासचं ऐकून मी काय करावं ते मला सुचत नाही. ह्या घरात मला त्याच्यासाठी रडता येत नाही. काय सांगून रडू?

कॅसेटची चूक मी समजू शकते. पण तू दोन महिने खरं लपवलंस, पार्ट औरंगाबादहून येतोय म्हणून लिहिलंस. आणि मी तुझी ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आता मला सांग, ज्या हातानं पार्ट लिहिला त्याच हातानं "माझ्या मनात काई न्हाई" लिहिलं ना? मग ते मी कशावरून खरं मानू? तुझा स्वभाव मला आता कळला. समोरच्याला बरं वाटावं म्हणून तू काहीही लिहिशील.

तो काय म्हणाला, जसं म्हणाला तसं लिही. माझ्यासाठी गोड करू नकोस. आणि कॅसेट आहे तशी पाठव. सिनेमाच्या गाण्यांसकट.

निता

*

सेनगाव, १९ मे २००३

निताताई,

तुम्ही बराबर ओळखलं. माझा धंदाच तो. नवरीच्या बापाचा रुसवा, जावयाचं तोंड, सगळं कापून लोकांना हसरं लग्न दाखवायचं. माणसाला त्याची सवय लागते.

आता जसं घडलं तसं.

आवाज खणखणीत नव्हता. सरावालाच मला ऐकू आलं होतं. वरच्या पट्टीत गेला की मागून हवा सुटल्यासारखा आवाज यायचा, भाता फाटल्यासारखा. मी खाजा मियांकडं पाहिलं, तर ते खाली पाहत होते. त्यांनाही कळलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. त्याच दिवशी धरून दवाखान्यात नेला असता तर? हा हिशेब माझा, तुमचा नाही.

माइकवर तो तुमच्याबद्दल एक शब्द बोलला नाही. नावसुद्धा घेतलं नाही. "निताचा कसूर न्हाई," हे मी माझ्या दुकानात बसून लिहिलं.

तुमची ओळ कोरी सोडली, ते मात्र खरं. त्यावरून सरावाला भांडण झालं होतं. हिरासिंग म्हणाला, "वसमतची एक पोरगी हाय, चांगली गाते, बोलवू का?" दादा तव्यासारखा गरम झाला. म्हणाला, "गानं नको म्हन, पन बाई आनायची बात करू नको." हिरासिंग म्हणाला, "आरं, लोकं हसतील, तू येडा झाला म्हनतील." दादा म्हणाला, "हसू दे. मागं दगड मारले, त्यापरीस हसनं बरं."

कार्यक्रम संपल्यावर लोक पांगले. मी वायरी गुंडाळत होतो, तो स्टेजच्या पायरीवर बसून पाणी पीत होता. मी म्हणालो, "दादा, ताईच्या निरोपाचं काय? काई तरी सांगा. राग हाय का अजून?"

तो कपाळावरची टाक्यांची जागा चोळत बसला. मग बोलला. शब्दाला शब्द लिहितो, माझे कान खोटं बोलत नाहीत, हातच बोलतो.

"राग हाय. काहून नसंल? येऊन सांगून गेली असती तर मी सोता स्टँडवर पोचवली असती. तिला सांग, माफ-बिफ मी काई केलं न्हाई. पन तिची जागा बी कुनाला दिली न्हाई."

मग उठला आणि म्हणाला, "चल, मला सायकलीवर सोड तांड्यावर." माझ्याकडं आता जीप आहे हे तो विसरला होता.

हे तुम्हाला लिहायची तेव्हा माझी हिंमत झाली नाही. म्हणून ते दुसरं लिहिलं. कॅसेट सोबत आहे. साजीदनं दादाच्या तोंडाभोवती बदाम काढलाय, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. त्याबद्दलही माफी.

किसन

*

भुसावळ, ४ जून २००३

किसन,

तुझ्यावरचा राग गेला नाही. पण हे पत्र मी तुलाच लिहू शकते, दुसऱ्या कुणाला नाही.

राग आहे, असं तो म्हणाला, ते मी वाचलं आणि माझा त्यावर लगेच विश्वास बसला. तुझ्या आधीच्या पत्रातलं गोड वाक्य मी तीन महिने तोंडात घोळवलं, त्याची चव प्रेमदासची नव्हती. ही आहे.

हे परवा जळगावला लग्नाला गेले होते. अश्विनी कॉलेजला. दुपारी दार लावून कॅसेट लावली. आधी गाणी लागली, कुठल्या तरी सिनेमाची, वरातीत वाजतात तसली. मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. मग तो बदाम आला. बदामात प्रेमदास. केस किती गेले रे त्याचे! पाकळ्या पडत होत्या आणि तो गंभीर तोंडानं गात होता. मला हसू आलं. मग ते हसू तिथंच थांबलं.

जोडगाणं मी त्याच्या ओठांवरून ओळखलं. "येशील कुठल्या वाटेनं." ते विचारून झाल्यावर त्यानं माइक तोंडापासून दूर नेला आणि डावीकडं बघितलं. मी डावीकडंच उभी राहायची. तिथं कुणी नव्हतं, खुर्चीसुद्धा ठेवली नव्हती. तो त्या रिकाम्या जागेकडं बघत उभा राहिला, अगदी मी गाताना बघायचा तसा, मान थोडी वाकडी करून.

मी गायले, किसन. बंद दारात, हळू आवाजात, टीव्हीसमोर उभी राहून. "कयाधूच्या काठाकाठानं रे, बोरीच्या दाटीदाटीनं." शब्द सगळे आले.

पण तू ते गाणं कितीदा ऐकलंयस, तुला ठाऊक आहे, त्या शेवटच्या 'दाटीनं'ला मी सूर धरून ठेवायची. लोक शिट्ट्या मारायचे, तरी मी सोडायची नाही, आणि प्रेमदास हसत वाट बघायचा. त्यानं परवा तेवढीच वाट बघितली. तंतोतंत तेवढी. माझा दम अर्ध्यातच संपला. तो अजून मान वाकडी करून उभाच होता, मी गाते आहे असं समजून ऐकत, आणि माझ्याकडं श्वास नव्हता.

कॅसेट मागं घेतली. परत गायले. परत अर्ध्यात. सहा-सात वेळा केलं. त्यानं जागा ठेवली होती ती बावीस वर्षांच्या मुलीची, आणि ती पूर्ण भरणं मला आता जमत नाही.

शेवटच्या वेळी मी मागं वळले तर अश्विनी दारात उभी. तिच्याकडं किल्ली असते, मी विसरले होते. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं टीव्हीकडं बघितलं, बदामातल्या त्या माणसाकडं, आणि विचारलं, "हे कोण?"

मी म्हटलं, "बस, सांगते."

निता